इंद्रजाल पिशवीत की कोरड्या डब्यात? जुन्या कॉमिक्सची साठवण आणि प्रतवारी

रद्दीतला माणिक

जुनी भारतीय कॉमिक्स जमवणाऱ्यांत अमेरिकी पद्धत आता जवळपास नियम होऊन बसली आहे. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, पाठीशी पांढरा पुठ्ठा, सगळे अंक खोक्यात उभे. अंक महाग असेल तर अमेरिकेतल्या प्रतवारी करणाऱ्या कंपनीला पाठवून, त्याच्या स्थितीचा आकडा मिळवून, कडक डबीत सीलबंद. मुंबई, कोकण, गोवा इथे हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. पहिला पैसा ओलाव्यावर, दुसरा पिशवीवर, आणि डबी शक्यतो नकोच.

इंद्रजाल कॉमिक्स ही मालिका १९६४ ते १९९० चालली. तिचे काय, अमर चित्र कथेचे जुने अंक काय, आतला कागद स्वस्त लगद्याचा. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातला चिवट घटक, राहिलेलं असतं आणि मुळातच आम्ल असतं. उष्णता आणि ओल मिळाली की ते आम्ल कागदाचे तंतू तोडत राहतं. तापमान ५ अंशांनी उतरलं तर कागदाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा जतन करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. पण कॉमिक्ससाठी चोवीस तास एसी कोण लावणार? रात्री लावून सकाळी बंद केला तर उलट त्रास: खोली थंड, बाहेरची दमट हवा आत, आणि कपाटातल्या आर्द्रतेचे रोज हेलकावे. म्हणजे हातात उरतो तो ओलावा. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. पिना गंजतात, आणि गंज पिनेवर थांबत नाही, कागदात उतरतो. लोह तिथली झीज आणखी वाढवतं. मधलं पान नेमकं पिनेपाशी सुटतं ते यामुळे.

आता ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या त्या ५ ग्रॅमच्या पुड्या. ४० लिटरच्या डब्यातल्या हवेत, ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तरी, पाणी असतं जेमतेम १ ग्रॅम. खरं पाणी कागदात असतं. ८५ टक्क्यांना कागद वजनाच्या १२-१३ टक्के पाणी धरतो, ५० टक्क्यांना ६-७. शंभर पातळ अंकांचं वजन ४ किलो धरा. म्हणजे काढायचं पाणी झालं दोनशे ते अडीचशे ग्रॅम. जेल वजनाच्या पावपट पाणी घेतं असं मानलं, तर एका डब्याला किलोभर जेल लागेल. पुड्या टाकून काय होणार?

म्हणून अंक भरायचे ते कागद आपोआप कोरडा असतो तेव्हा. देशावर फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी, मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीत. चार-पाच अंकांचे थर सावलीत पसरायचे, पंखा थेट अंगावर नको, मंद आणि दुरून. तीन-चार दुपारी कागद असा सुकला की रबरी कडेचं झाकण असलेल्या पॉलिप्रोपिलिनच्या डब्यात आडवे रचायचे. चळत १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. दर दहा अंकांनी कण्याची बाजू बदलायची, नाहीतर पिनांमुळे एक बाजू फुगते. कापडी पिशवीत अर्धा किलो जेल आणि एक डिजिटल आर्द्रतामापक आत. जुलैत आकडा ६० ओलांडू लागला की जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत ठेवायचं. ३५ च्या खालीही जाऊ देऊ नका, कव्हरं वळतात.

वेताळटेकडी

गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. जुन्या अंकांवर दिसणाऱ्या खुणा एकदा मोजून बघा. कण्यावर पिनांपाशी उमटलेल्या पांढऱ्या रेघा, दुमडलेले कोपरे, डावीकडे सरकलेला कणा, अंगठ्याचे तेलकट डाग, मागचं कव्हर फाटलेलं. यातलं पावसाने काय केलं? सगळं हातांनी केलं. आडव्या चळतीत तळातून सातवा अंक काढायचा तर वरचे सगळे उचलावे लागतात, आणि प्रत्येक वेळी कव्हरावर कव्हर घासतं. पुठ्ठा लावलेला उभा अंक दोन बोटांनी निघतो.

फक्त पिशवी कसली घ्यायची ते नीट सांगितलं पाहिजे. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, चकचकीत, वास येणारी पारदर्शक कव्हरं बहुतेक पीव्हीसीची असतात. त्यातला मऊपणा आणणारा तेलकट पदार्थ बाहेर झिरपतो आणि काही वर्षांनी कव्हरावरची शाई प्लास्टिकला चिकटून निघते. ओळखायला सोपं: छोटा तुकडा पाण्यात बुडवा. पॉलिप्रोपिलिन आणि पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी आणि पॉलिएस्टर बुडतं. बुडलं तर तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे गॅलरीत करा, धूर वाईट असतो.

शर्टाच्या पॅकिंगला येतात त्या बीओपीपीच्या (ताणलेल्या पॉलिप्रोपिलिनच्या) पिशव्या ५० मायक्रॉनच्या मिळाल्या तर काम भागतं. पण त्यांचा गोंद झाकणाच्या पट्टीवर असतो. अंक बाहेर काढताना तीच पट्टी कव्हरला चिकटते आणि रंगाचा पापुद्रा घेऊन येते. गोंदाची पट्टी कापून टाका, झाकण नुसतं मागे दुमडा. आणि पिशव्यांची मापं अमेरिकी आकारांच्या नावांवरून मागवू नका. आपल्याकडे एकाच मालिकेत आकार बदललेत. अंक मोजा, रुंदीत ६-७ मिलिमीटर जास्त धरा.

शाईची दौत

दोघांच्याही मधलं सांगते. पॉलिएस्टर, म्हणजे मायलार, हे सगळ्यात स्थिर प्लास्टिक, याबद्दल वाद नाही. पण आम्लधर्मी कागद त्यात चारही बाजूंनी बंद केला तर कागदातून निघणारी आम्लाची वाफ आतच कोंडते, आणि कागद उघड्यापेक्षा लवकर म्हातारा होतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतन विभागाने हे तपासलेलं आहे. त्यांचा उपाय दोन प्रकारचा: आधी आम्ल काढा, नाहीतर आत अल्कलीयुक्त, म्हणजे आम्ल मारणारा, कागद ठेवा. म्हणजे पिशवीपेक्षा पुठ्ठा महत्त्वाचा, आणि लोक नेमके तिथेच पैसे वाचवतात.

साडीच्या खोक्याचा राखाडी पुठ्ठा म्हणजे रद्दीचाच लगदा. तो कव्हरच्या मागे ठेवणं म्हणजे आम्लाची गादी घालणं. फ्रेमवाल्यांकडे मिळणारा कॅल्शियम कार्बोनेट घातलेला माउंट बोर्ड घ्या आणि पीएच पेनाची (आम्ल ओळखणाऱ्या शाईच्या पेनाची) रेघ ओढून बघा. जांभळी राहिली तर ठीक, पिवळी पडली तर परत करा. स्वस्त बोर्डांना लेप एकाच बाजूने असतो, ती गुळगुळीत बाजू अंकाकडे. पिशवीचं तोंड चिकटवू नका.

आणि माणिक, तुमच्या हवाबंद डब्यालाही हेच लागू होतं. शंभर आम्लधर्मी अंक एकत्र कोंडलेत. तळाला आणि दर दहा अंकांमागे एक अल्कलीयुक्त कागद घाला, आणि वर्षातून एकदा, कोरड्या हवेत, डबा उघडा.

माळ्यावरचा पेटारा

एवढं प्लास्टिक कशाला? पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधून शेकडो वर्षं टिकले. सुती कापड हवा खेळती ठेवतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाचे तुकडे, पावसाळ्यानंतर पुस्तकांना ऊन दाखवायचं. हे सगळं या हवामानात सिद्ध झालेलं आहे.

शाईची दौत

पेशवाईतला कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हातकागद. त्यात लिग्निन जवळपास नाही. इंद्रजालचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. दोघांना एक औषध चालणार नाही. लिग्निनवर अतिनील किरण पडले की पानं पिवळी होतात, वर्तमानपत्र दोन दुपारी गच्चीत ठेवून बघा. त्यामुळे कॉमिक्सला ऊन दाखवणं बंदच. सावलीतला वारा पुरतो. वेखंडाला हरकत नाही, पण कापडाच्या पुरचुंडीत, कागदाला न टेकवता. पाला पूर्ण वाळलेला नसेल तर तो स्वतःच ओल घेऊन येतो. डांबरगोळ्या मात्र नकोत. नॅप्थॅलिनची वाफ बंद जागेत परत स्फटिक होऊन बसते, आणि माणसालाही ती चांगली नाही.

कसर किंवा झुरळाची अंडी असल्याची शंका आली तर अंक पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत, हवा काढून, घट्ट बंद करा आणि उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. लगेच उघडली तर दव कागदावरच जमतं. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात हे जमत नाही, तो सारखा उघडला जातो.

वेताळटेकडी

प्रतवारीबद्दल कोणीच बोलेना, म्हणून मी बोलतो. सीजीसी ही अमेरिकी प्रतवारी कंपनी २००० पासून ०.५ ते १० अशी श्रेणी देते. डबीवर नाक मुरडा, पण आकडा ही शिस्त आहे. आपल्याकडचे विक्रेते सगळ्याच अंकांना ‘उत्तम स्थिती’ म्हणतात. त्यात कव्हर सुटलेला अंकही येतो आणि पेनाने कोडी सोडवलेलाही.

रद्दीतला माणिक

शिस्त हवीच, पण मोजपट्टी इथली हवी. आपले कितीतरी अंक वाचनालयांनी आणि घरोघरी बाइंड केले. बाइंडरने तीन कडा छाटल्या, कण्यापासून ५-८ मिलिमीटरवर टाके घातले. अमेरिकी प्रतवारीत कडा छाटणं म्हणजे अंक चांगला दिसावा म्हणून केलेली लबाडी समजतात, सहसा जांभळं लेबल, म्हणजे मूळ अंकात फेरफार झाल्याची खूण, मिळतं. आपल्याकडे तो अंकाचा नेहमीचा प्रवास आहे. उलट, राज कॉमिक्स या हिंदी मालिकांच्या अंकांसोबत आलेला स्टिकर आहे की नाही, हे आपल्या ग्राहकाला कोपऱ्याच्या घडीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

त्यामुळे आकड्याऐवजी वर्णन द्या, पण मापासकट. उदाहरणार्थ: ‘कण्यावर ३ रेघा, रंग फुटलेला नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात ६ मिमी घडी. दोन्ही पिना मूळच्या, खालची गंजलेली, डाग मधल्या पानापर्यंत. पानं बदामी, दुमडल्यावर मोडत नाहीत. पान १ वर वाचनालयाचा शिक्का. कडा छाटलेल्या नाहीत. पानं मोजली, पूर्ण.’ एवढं वाचलं की गिऱ्हाईक स्वतःच किंमत करतो. कडा छाटल्यात का हे बघायला अंकाची उंची त्याच काळातल्या दुसऱ्या न छाटलेल्या अंकाशी ताडून पाहा. जाहिरातीची चौकट कडेला टेकली असेल तर शंका घ्याच.

वेताळटेकडी

तुमचं वर्णन लिहिणारा प्रामाणिक असेल तर. ‘रंग फुटलेला नाही’ हे कोण ठरवणार, विकणाराच ना? त्रयस्थाची किंमत त्यासाठीच मोजतात. बाहेर पाठवायचा खर्च आणि परत येताना कस्टम, याला उत्तर नाही हे कबूल, पण त्यामुळे तत्त्व खोटं ठरत नाही.

पिनबंद

बाइंडिंगचा विषय निघालाच आहे. खंड सोडवून सुटे अंक विकायची सध्या लाट आहे. थांबा जरा. आधी चिकट काय आहे ते बघा. खळ असेल तर ती ओलसर पट्टीने मऊ होते, पण कसर तिच्यासाठीच येते, म्हणून खळीचे खंड सोडवण्यात अर्थ आहे. पांढरा सिंथेटिक गोंद असेल तर तो पाण्याने फुगतो, विरघळत नाही, आणि ओढला की कव्हरचा पापुद्रा घेऊन निघतो. असे खंड तसेच ठेवा.

सोडवायचंच तर: पाठीचं कापड कापा, टाके एकेक करून आतल्या बाजूने, टोकदार छोट्या कात्रीने तोडा, दोरा कधीही ओढू नका, आणि अंक वरून खाली एकेक मोकळा करा. फाटलेल्या जागी जपानी टिशू (दुरुस्तीचा पातळ, चिवट कागद) आणि घट्टसर गव्हाच्या स्टार्चची खळ, वरून ब्लॉटिंग पेपर आणि वजन. खळ पातळ झाली तर वर्तमानपत्री कागदावर पाण्याची तपकिरी रेघ उमटते, ती जात नाही. सेलोटेप नको. पूर्वी लावलेला सेलोटेप निघत नसेल तर तसाच राहू द्या, उपटल्याने जास्त जातं.

गंजलेल्या पिना बदलाव्यात का? गंज मधल्या पानात पोचला असेल तर बदला, स्टेनलेस किंवा सुती दोरा, जुन्याच भोकांतून. विकताना लिहा की बदलल्या. संग्राहक ओरडतील.

वेताळटेकडी

ओरडणारच. मूळ पिना गेल्या की अंक मूळ राहिला नाही. कोरड्या जागी ठेवला तर आहे तो गंज जागच्या जागी थांबतो.

रद्दीतला माणिक

म्हणजे कोरड्या जागेवर तुम्ही आलातच.

शेवटचं, आर्द्रतामापकाबद्दल, कारण स्वस्त मापक ५-१० टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकंच पाणी घाला, मापकासोबत झिपलॉक पिशवीत १२ तास बंद ठेवा. आत ७५ टक्के व्हायला हवेत. मापक ६९ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात ६ मिळवा. मीठ पूर्ण विरघळलं असेल तर पाणी जास्त झालंय, परत करा.

माळ्यावरचा पेटारा

कपाट कुठे ठेवायचं ते राहिलं. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा, भिंत गार पडून मागे ओल धरते. तळमजल्यावर असाल तर खालचा कप्पा रिकामा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. तेव्हा पिशवी की डबा हा प्रश्नच नव्हता.