पाकीट दुसऱ्याच्या खिशात

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) स्कूल बोर्ड, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ, मनाला येईल तशी घरपट्टी वाढवतं, असं काही जण म्हणतात. तसं नाहीये हो. व्हर्जिनियात स्कूल बोर्डांना कर लावायचा अधिकारच नाही. बोर्डावर 12 जण निवडून येतात, 9 विभागवार आणि 3 सगळ्या काउंटीतून. शिवाय एक विद्यार्थी प्रतिनिधी त्याच टेबलाला बसतो, बोलतोही, पण मत नाही. हे सगळे बजेट ठरवणार आणि पैसे मागायला काउंटीच्या सुपरवायझर्सकडे, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या आणि कर ठरवणाऱ्या मंडळाकडे जाणार. संसार एकाचा, पाकीट दुसऱ्याच्या खिशात!

इथल्या शाळांच्या निकालाचं म्हणाल, तर पावणेदोन लाखांवर मुलांच्या सरासरीतून काय डोंबल कळणार? आपली मंडळी मात्र थॉमस जेफरसन या इथल्या नावाजलेल्या सरकारी हायस्कूलच्या प्रवेशावरच अडकलेली. 2020मध्ये तिथली प्रवेश परीक्षा रद्द झाली, प्रकरण कोर्टात गेलं, 2024मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ऐकायलाच नकार दिला.