बाकं रिकामी झाली ती उदारमतवादामुळे?

शंकासुर: 'अमेरिकेतल्या मेनलाइन चर्चांनी (म्हणजे जुन्या, उदार वळणाच्या प्रोटेस्टंट पंथांनी) समलिंगी विवाह मान्य केले म्हणून ती ओस पडली' असं जुनाजाणता यांनी काल ठोकून दिलं. राहवलं नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत मेनलाइन २००७ साली अमेरिकी प्रौढांत १८ टक्के होते, आता ११. कबूल. पण सदर्न बाप्टिस्ट या सनातनी पंथाने तर असल्या कशालाच मान डोलावली नाही; तरी २००६ मधले १ कोटी ६३ लाख सभासद आता १ कोटी ३० लाखांच्या आत आलेत. ते का पळाले? मेनलाइन घरांत पोरंच कमी झाली, हे खरं दुखणं.

जुनाजाणता: सोयीचे आकडे! इव्हँजेलिकल, म्हणजे बाप्टिस्टांसारखे सनातनी प्रोटेस्टंट, २६ टक्क्यांवरून जेमतेम २३ वर आले, ते का गिळलंत? मेनलाइनमधल्याच एपिस्कोपलांनी २००३ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सनना बिशप केलं आणि पिट्सबर्ग, फोर्ट वर्थ इथले डायसिस (बिशपच्या हाताखालचे विभाग) फुटले.

निशिगंधा: एपिस्कोपलांची गळती साठच्या दशकापासूनची आहे हो. आणि बायकांचं काय? सॅडलबॅक या त्यांच्याच बड्या चर्चने बाईला पास्टर (धर्मगुरू) केलं म्हणून २०२३ मध्ये सदर्न बाप्टिस्टांनी त्या चर्चला घालवून दिलं. ओहायोतली माझी शेजारीण अशाच एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, हिशेब ठेवते, अंत्यविधीनंतरच्या जेवणाची भांडी घासते. प्रवचन मात्र द्यायचं नाही. तिच्या दोन्ही मुलींनी चर्च सोडलं.

जुनाजाणता: बायबलात तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय: बाईने शिकवू नये, असं प्रेषित पौल लिहितो. पौलाशी भांडा.

निशिगंधा: रोमकरांस पत्र, सोळावा अध्याय. तोच पौल फीबी नावाच्या बाईला मंडळीची सेविका म्हणतो. तुमच्या प्रतीत ते पान चिकटलेलं दिसतंय.

जुनाजाणता: फीबीने प्रवचन दिलं असं कुठे लिहिलंय? अर्धवट वाचून शिकवायला येऊ नका.

निशिगंधा: भाषा सांभाळा.

खडूस: मूळ मुद्दा गेला खड्ड्यात! टेक्सासात माझे घरमालक मेथडिस्ट, म्हणजे मेनलाइनच. समलिंगी संबंधांच्या वादावरून त्यांच्या चर्चने मेथडिस्ट संघटनेतून बाहेर पडायचं का, यावर मतदान झालं. म्हातारा-म्हातारीने उलटसुलट मतं दिली. तेव्हापासून रविवारी त्यांच्या दारातून दोन गाड्या निघायच्या. २०१९ ते २०२३ मध्ये अशी साडेसात हजार चर्च सुटली, बहुतेक सनातनी बाजूची. तेव्हा जुनाजाणता अर्धे बरोबर आहेत. नाइलाज आहे.

शंकासुर: पण ते चर्चमधून चर्चमध्येच गेले ना! 'कोणताच धर्म नाही' म्हणणारे १६ चे २९ टक्के झाले, ते कुठल्या बिशपवर रुसून गेले?

जुनाजाणता: चला, अर्धं तरी पदरात पडलं. उरलेल्या अर्ध्यासाठी निशिगंधाताईंची परवानगी काढतो, की फीबीची लागेल?

निशिगंधा: काढा की. पण आधी बाप्टिस्टांचे तेहतीस लाख कुठे गेले, ते सांगा.