दक्षिण गोलार्धात तिळगूळ जानेवारीत की जुलैत?

उलटा_ऋतू (धागाकर्ता)

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मराठी घरांसाठी हा विषय. संक्रांतीची तयारी घ्या. तीळ, गूळ, बाजरीची भाकरी, लोणी, लेकुरवाळी भाजी, काळी साडी. यातली एकेक गोष्ट थंडीसाठी आहे. मेलबर्नमध्ये जानेवारीत पारा अधूनमधून चाळिशी ओलांडतो, सूर्य साडेआठनंतर मावळतो, आणि आपण काळ्या साडीत बाजरीच्या भाकरीवर लोणी घेऊन बसतो. 'दिवस तिळातिळानं वाढतो' म्हणायचं, तर २२ डिसेंबरपासून इथे दिवस तिळातिळानं कमी होत असतो.

म्हणून प्रस्ताव असा: तिळगूळ, भोगी, हलवा, बोरनहाण हे सगळं १६ जुलैच्या आसपास न्यावं. तारीख हवेतून काढलेली नाही. त्या सुमारास कर्क संक्रांत असते, म्हणजे पंचांगाच्या हिशेबात सूर्य दक्षिणेकडे वळतो. भारतात ते दक्षिणायन, पण आपल्याकडे सूर्य परत यायला लागतो तो तेव्हाच. मेलबर्नची मकर संक्रांत खरं तर तीच.

गणपती, दिवाळी, होळी यांना हात लावायचा नाही. ते सण चंद्रावर चालतात आणि अमावास्या-पौर्णिमा दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी असते. संक्रांतीचं नातं सूर्याशी आणि थंडीशी आहे, म्हणून फक्त तिच्यापुरतं बोलतोय.

पंचांगवाले

मुळातच असहमत. सूर्य मकर राशीत जातो तो क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो. २०२५मध्ये भारतात १४ जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास संक्रमण झालं, तेव्हा मेलबर्नच्या घड्याळात दुपारचे अडीच वाजले होते. स्थानिक वेळेप्रमाणे पुण्यकाळ काढा, दान करा, तिळगूळ द्या. गोलार्ध बदलला म्हणून मकर रास कर्क होत नाही.

आणि जुलैत नेल्यावर पुढचं गणित केलंत का? २०२४मध्ये आषाढी एकादशी १७ जुलैला होती. म्हणजे आदल्या दिवशी भाकरी-लोणी-तिळगूळ आणि दुसऱ्या दिवशी उपास. अधिक महिना आला की एकादशी पुढे सरकते, नाहीतर जुलैच्या पहिल्या आठवड्यातही येते. दर वर्षी नवा गोंधळ.

उलटा_ऋतू

@पंचांगवाले, संक्रमणाचा क्षण एकच, मान्य. पण खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपली संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. अयनांश, म्हणजे ऋतूंचा सूर्य आणि पंचांगातल्या राशी यांच्यातली तफावत, २४ अंशांच्या आसपास गेल्यामुळे पडलेलं हे अंतर. साधारण ७२ वर्षांत एक दिवस, या गतीनं ते वाढतंच आहे. सण सूर्याच्या वळण्यापासून कधीच सुटा झालाय. मग तारखेला एवढं कवटाळायचं कशाला?

पंचांगवाले

अहो, हा मुद्दा तुमच्याच विरुद्ध जातो! उत्तरायणापासून तीन आठवडे सुटूनही सण टिकला, याचा अर्थ तो ऋतूवर नाही, ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी मिळून करण्यावर उभा आहे. ती तारीख सोडली की मागे उरते फक्त एक पाककृती.

खमंग_काकू

राशींचं तुमचं चालू द्या. मी स्वयंपाकघरातून बोलते, आणि तिथे दोघांचंही पूर्ण बरोबर नाही.

आधी लाडू. जानेवारीत लाडू बिघडतात म्हणून उन्हाळ्याला बोल लावतात, पण खरा दोष दमटपणाचा. गूळ हवेतलं पाणी ओढतो. ब्रिस्बेन-ऑकलंडला लाडू सकाळी वळले की संध्याकाळी चिकटतात. मेलबर्न-ॲडलेडच्या कोरड्या उन्हात तेच लाडू घट्ट डब्यात आठवडाभर नीट राहतात. प्रमाण: दोन वाट्या भाजलेले तीळ, एक वाटी चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, चमचाभर तूप. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघा. गोळी दाबली जात असेल तर पाक अजून उकळू द्या, ताटलीवर आपटून टण् वाजली की गॅस बंद. दमट गावात गोळी थोडी जास्तच कडक येऊ द्यावी आणि लाडू पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नये, नाहीतर आतल्या वाफेनंच घाम सुटतो.

आता काटेरी हलवा. 'जुलैत थंडी, म्हणजे काटा आपोआप येईल' हा भ्रम आहे. काटा यायला थंडीच्या जोडीला हवा कोरडी लागते. पाक दाण्यावर पडल्या पडल्या सुकून त्याची साखर झाली पाहिजे. मेलबर्नचा जुलै गार असतो, पण ओला. खिडकीच्या काचेला आतून पाणी धरलेलं दिसलं की त्या दिवशी हलव्याला बसूच नये. आधी तासभर हीटर लावून खोली कोरडी करावी.

पाव वाटी तिळाला दोन वाट्या साखर लागते. साखरेच्या निम्मं पाणी, मळी काढायला चमचाभर दूध, पाक एकतारी. जाड बुडाची परात अगदी मंद आचेवर. एका वेळी एकच छोटा चमचा पाक, आणि तो पूर्ण सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे हलके फिरवायचे. जोरात रगडलं की आलेले काटे मोडतात. पाकात लिंबू पिळण्याची सवय असेल तर इथे मोडा. लिंबामुळे साखर परत जमत नाही आणि दाणे गुळगुळीत गोळ्यांसारखे होतात. सगळा पाक एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, दोन-तीन दिवस लागतात. पहिल्यांदा करत असाल तर तिळाऐवजी साबुदाणा घ्या, दाणा मोठा असल्यानं हाताला सोपा जातो.

भाकरीभक्त

काकू, दंडवत. बाजरीचंही लिहा की. इथलं पीठ कडूच लागतं.

खमंग_काकू

ते शिळं असतं. बाजरीत तेल जास्त, दळलं की खवट व्हायला लागतं. गोदामातून दुकानात येईपर्यंत पिठाचा जीव गेलेला असतो. अख्खी बाजरी आणा, लागेल तेवढीच मिक्सरवर दळून बारीक चाळणीनं चाळा, उरलेलं पीठ फ्रीझरमध्ये ठेवा. कडकडीत पाण्यात एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. जानेवारी असो वा जुलै, शिळ्या पिठाला सण कळत नाही.

किवी_कृत्तिका

धागाकर्त्याला अर्धा पाठिंबा. न्यूझीलंडला मध्य हिवाळ्याचा सण आधीपासून आहे: मातारिकी, म्हणजे इथल्या मूळनिवासी माओरींचं नववर्ष. २०२२पासून सार्वजनिक सुट्टी. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. जून-जुलैत त्या पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतात आणि वर्ष सुरू होतं. तारीख चांद्रमासावर ठरते, म्हणून दर वर्षी वेगळी: २०२४ला २८ जून, २०२५ला २० जून, २०२६ला १० जुलै. मात्र सुट्टी नेहमी शुक्रवारीच. गेलेल्यांचं स्मरण, एकत्र जेवण आणि पतंग, तिन्ही त्यात बसतं. आपल्याला अनोळखी काय आहे यात?

पहाटे साडेपाच-सहाला क्षितिज मोकळं असेल अशी जागा शोधा. आधी मृगाचा पट्टा सापडवा, तिथून डावीकडे रोहिणी, आणखी डावीकडे कृत्तिकांचा पुंजका. भारतात पाहिलेलं चित्र इथे उलटं दिसतं, म्हणून नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पण म्हणून त्या दिवशी तिळगूळ वाटून त्याला संक्रांत म्हणू नका. सण त्यांचा आहे, पाहुण्यासारखं जावं. संक्रांत आपली, तिला वेगळी राहू द्या.

उलटा_ऋतू

हे पटलं. पण वेगळी ठेवायची तर जुलैत का नको? इथल्या लोकांनी नाताळाचं हेच केलं. डिसेंबरच्या उन्हात भाजलेली टर्की जड जाते म्हणून 'ख्रिसमस इन जुलै' निघाला.

सिडनीकर_सून

उदाहरण अर्धंच सांगितलंत. ख्रिसमस इन जुलै ही हौस आहे, गरम जेवणाची जास्तीची पार्टी. सुट्टी, भेटवस्तू, चर्च सगळं २५ डिसेंबरलाच. तारीख त्यांनी ठेवली, ताट बदललं: गार हॅम, कोळंबी, चेरी, पाव्हलोव्हा. आपणही तेच करावं.

संक्रांत १४ जानेवारीलाच. तिळगूळ चिमूटभर, बाकी ताट उन्हाळ्याचं. वांगी इथे तेव्हाच मोसमात असतात, म्हणजे भोगीची भाजी सुटत नाही. ओला हरभरा मिळाला नाही तर फ्रोझन तुरीचे दाणे किंवा पावटा. काळ्या साडीचा हट्ट असेल तर सुती नेसा आणि हळदीकुंकू सूर्य कलल्यावर ठेवा. हळदीकुंकवाला रथसप्तमीपर्यंत मुभा असतेच, म्हणजे शनिवार-रविवार मिळवायला सण हलवावाच लागत नाही. फक्त रथसप्तमीची तारीख आधी बघा. २०२६ला ती २५ जानेवारीला आली, ऑस्ट्रेलिया डेच्या जोडसुट्टीतच.

आणि आमरस! तो अक्षय्य तृतीयेला डब्यातल्या पल्पचा खाण्यापेक्षा नाताळ-संक्रांतीला ताजा करा. नोव्हेंबर-जानेवारीत क्वीन्सलँडचा आंबा भरात असतो. रसाला केन्सिंग्टन प्राइड घ्या, ज्याला इथे बोवेन म्हणतात. रेषा असतात, त्यामुळे रस चाळणीतून काढावा. आरटूइटू नावाचा थोराड आंबा दिसायला झकास, पण रसाला फिका. त्याच्या फोडी करा.

उलटा_ऋतू

आमरस ऋतूप्रमाणे सहा महिने हलला तर चालतो, तिळगूळ हलला की संस्कृती बुडते! क्वीन्सलँडचा ऊसही जूनपासून तुटायला लागतो. बोरनहाणाला ताजा ऊस हवा तर जुलैच बरा.

सिडनीकर_सून

आमरस हा पदार्थ आहे, संक्रांत हा दिवस. पदार्थ खुशाल फिरवा. बोरनहाणाचं म्हणाल तर जानेवारीत ते हिरवळीवर चादर टाकून करता येतं, जुलैत बंद खोलीत. बोरांऐवजी चेरी-द्राक्षं ओतू नका, लहान मुलाच्या घशात अडकतात. ब्लूबेरी चिरडून कपड्यांना न जाणारे डाग पडतात. चुरमुरे आणि बत्तासे पुरतात.

तटस्थ_तात्या

अवांतर: 'होळीला हात लावायचा नाही' म्हणालात, पण इथे खरी अडचण तिचीच आहे. मार्चमध्ये व्हिक्टोरियात वणव्याचा हंगाम संपलेला नसतो. टोटल फायर बॅन लागला की उघडी आग बंद, पूजेची असली तरी. बंदी साधारण आदल्या दिवशी जाहीर होते, त्यामुळे निमंत्रणातच 'बंदी असल्यास होळी न पेटवता पूजा' असं छापावं. बंदी नसलेल्या दिवशीही त्या हंगामात परवानगीचे नियम असतात आणि नगरपालिकेचे वेगळे. मैदान ठरवण्याआधी दोन्हीकडे विचारा.

पंचांगवाले

@तात्या, न पेटवलेल्या होळीलाही पौर्णिमा तीच लागते, एवढं नोंदवून ठेवा. धागाकर्त्यांनी १६ जुलैला लाडू जरूर करावेत. आम्ही येऊ, खाऊ, गोडही बोलू. फक्त पत्रिकेवर 'संक्रांत' छापू नये.

उलटा_ऋतू

'कर्क संक्रांत' छापतो. पंचांगात आहेच ती.

पंचांगवाले

छापा! पण मग तिचा पुण्यकाळही पाळा. तो संक्रमणाच्या आधी असतो, मकरेसारखा नंतर नाही. संक्रमण रात्री झालं तर तारखेचा घोळ होईल, तेव्हा हॉल बुक करण्याआधी विचारून घ्या.