पीअर सपोर्ट वर्कर : मराठीत काय म्हणावं?

तेरणाकाठ : नमस्कार मंडळी. एका शब्दासाठी अडलोय. लातूर जिल्ह्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात मी काम करतो. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. १४ वर्षं प्यायलो, ९ वर्षांपासून बंद आहे, आणि नव्यानं दाखल झालेल्यांजवळ बसतो. इंग्रजीत ह्याला पीअर सपोर्ट वर्कर म्हणतात. माझ्या ओळखपत्रावर छापून आलंय 'समवयस्क साहाय्यक'. परवा २३ वर्षांच्या एका पोरानं ते गळ्यातलं कार्ड हातात धरून वाचलं आणि विचारलं, "मामा, तुमचं वय किती?" मी ४६ चा. पीअरला कोशात समवयस्क सापडतो, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता 'बरोबरीचा'. त्या पोराची नि माझी बरोबरी वयात कुठली? आम्ही दोघांनी जे भोगलं त्यात आहे. हे सांगणारा शब्द हवाय.

गोदाकाठ : 'समदुःखी' तयारच आहे की. ही रीतसुद्धा त्यातूनच निघाली. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले, दोघंही दारूनं पोळलेले. एका पिणाऱ्याचं दुसऱ्या पिणाऱ्यालाच कळतं, ह्यावर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली.

बालाघाटी : समदुःखी म्हटलं की दोघंही अजून गाळात रुतलेले दिसतात. इथं एक बाहेर आलेला आहे. आपल्याकडचा 'हमदर्द' बघा. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाकडं, कचेरीत उर्दू, त्यामुळं असे शब्द आपल्या कानाला परके नाहीत. फारसी 'हम' आणि संस्कृत 'सम' एकाच मुळाचे, म्हणजे हमदर्द आणि समदुःखी ही एकच घडण. अडचण एवढीच, की आज हमदर्द म्हणजे कळवळा असलेला कुणीही. स्वतः भोगलेलं असायची अट गळून गेली.

खेड्यात विचाराल तर 'माळकरी'. अमक्यानं माळ घातली म्हटलं की दारू सुटली हे वेगळं सांगावं लागत नाही. पण केंद्रात सगळ्या धर्मांची पोरं येत असतील, तिथं तो चालणार नाही.

गोदाकाठ : सुटली वरून आठवलं. 'दारू सोडली' आणि 'दारू सुटली' ह्यांत तुम्ही काय म्हणता?

तेरणाकाठ : मी 'बंद आहे' म्हणतो. सोडली म्हणताना छाती फुगते आणि ते धोक्याचं असतं. सुटली म्हटलं तर आपण काही केलंच नाही असं वाटतं. 'बंद आहे' मध्ये आजचा दिवस येतो, उद्याची बढाई येत नाही.

बालाघाटी : मग 'व्यसन' शब्दच तपासा. संस्कृतात त्याचा अर्थ संकट, आपत्तीही होतो. 'राजद्वारे श्मशाने च यस्तिष्ठति स बान्धवः' ह्या सुभाषिताच्या पहिल्या चरणात 'व्यसने' येतं ते ह्याच अर्थानं. व्यसनात जो उभा राहतो तो बांधव. म्हणून माझं मत 'बांधव'.

तेरणाकाठ : हे वाचून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. माझ्या बाबतीत संकट आणि सवय खरंच एकाच धाग्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलं होतं. आमचं गाव किल्लारीजवळ, मी आठवीत. आई गेली, घर गेलं. डॉक्टर त्याला मानसिक आघात म्हणतात, आज्जी म्हणायची, पोरानं धसका घेतलाय. बोलीतला हा 'घेतला' मला पुढं फार लागला. जसा काही मीच मागून घेतला होता! पुढं झोपेसाठी म्हणून प्यायला लागलो.

पण 'बांधव' कार्डावर नको. आपल्याकडं भाऊबंद म्हटलं की आधी बांधाचं भांडण आणि कोर्टाची तारीख आठवते.

लिहिता लिहिता मला आज्जीचाच एक शब्द सापडलाय. भूकंपानंतर मी छपराखाली झोपत नव्हतो. पत्र्याच्या शेडबाहेर बाजेवर पडायचो. आज्जी खाली गोधडी टाकून झोपायची, बाजेचा पाय हातात धरून. बाज हलली की तिला कळावं म्हणून. कुणी विचारलं तर म्हणायची, "पोराच्या सोबतीला हाय." दारू बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस पोरांचे हात कापतात, घाम फुटतो, झोप येत नाही. डॉक्टर औषध देतात, तपासतात. रात्री खुर्ची ओढून मी जवळ बसतो, ते सोबतीलाच. मग 'सोबती' म्हटलं तर?

बालाघाटी : घ्या. 'सोबत' अरबी 'सुहबत' वरून आलाय, म्हणजे सहवास. बिघडवणारी सोबतही असते हे खरं, पण तिथं आपण बहुतेक 'संगत' म्हणतो. 'सोबतीला बसणं' आजाऱ्याजवळ, बाळंतिणीजवळ, भ्यालेल्या लेकराजवळ. नेमका आहे.

गोदाकाठ : माझंही मत सोबती. बाईमाणूस असेल तर?

तेरणाकाठ : पुढच्या महिन्यापासून एक ताई यायच्या आहेत, पिणाऱ्यांच्या घरच्या बायांशी बोलायला. त्यांच्या कार्डावर 'सोबतीण' लिहायला सांगतो.