पेठेत तीन घरं मिळून बांधावं की पाचगावला प्लॉट घ्यावा? मदत हवी आहे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं दीड गुंठ्यातलं कौलारू घर आहे. बोळ आठ फुटी, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. माणसं सहा, आई ७२ वर्षांची. शेजारची दोन घरं एकत्र इमारत बांधायला तयार आहेत. नाहीतर विकून पाचगावला, म्हणजे शहराबाहेर विकास प्राधिकरणाच्या हद्दीत, तीन गुंठ्यांचा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट. कर्ज वीस लाखांच्या वर झेपणार नाही.

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीतले दाट वस्तीचे नियम वाचले, दोन इंजिनिअरना भेटलो. एक म्हणतो बोळामुळे एफएसआय (जागेच्या मानाने किती बांधता येतं ते) अडेल, दुसरा म्हणतो जागा जोडल्या की सुटेल. प्लॉट परवा पावसात बघितला. मुरमाच्या रस्त्यावर गाडी रुतली. ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक करावा लागणार, उन्हाळ्यात टँकर. पण मोकळं आहे, ऊन येतं. पेठेत आई भाजीला, दवाखान्याला एकटी चालत जाते. तिकडे दुधालाही गाडी काढावी लागेल. हे मला फार लागतं.

विक्रीचा भाव सांगू नका, तो माहीत आहे. पेठेतून उपनगरात गेलेल्यांनी सांगावं, पाणी आणि पेट्रोलचा महिन्याचा खर्च किती वाढला? आणि अरुंद बोळात जागा एकत्र करून परवाना कुणाला मिळालाय का, किती जागा सोडावी लागली?