मदत हवी आहे: बाबांच्या एमआरआयवरून पॅरालिसिसचा प्रकार कसा ओळखायचा? दोन डॉक्टर, दोन मतं

नमस्कार. इथे कुणी रेडिओलॉजी किंवा न्यूरोमधलं असेल तर कृपया वाचा.

बाबांचं वय ६७, मधुमेह जुना, बीपीच्या गोळ्या चालू. गुरुवारी पहाटे साडेपाचला उठले तर उजव्या हाताने शर्टाची बटणं लागेनात, बोलताना शब्द अडखळत होते. रात्री दहाला झोपले तेव्हा काही नव्हतं. हात अंगाखाली येऊन बधिर झाला असेल, असं आईला वाटलं. आठला जवळच्या दवाखान्यात सीटी काढला, 'नॉर्मल आहे' म्हणून दुपारी घरी पाठवलं. संध्याकाळी हात पारच गळाला, मग साताऱ्याला नेलं. तिथे रात्री नऊला एमआरआय झाला.

रिपोर्टमधलं मला कळलं तेवढं लिहिते:
डिफ्युजनमध्ये (पाण्याची हालचाल दाखवणारं एमआरआयचं चित्र) डाव्या बाजूला, मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात, पुढून मागे एका ओळीत पाच-सहा ठिपके. एडीसीवर (त्याच हालचालीचं मोजमाप दाखवणारं चित्र) तेच ठिपके काळे. फ्लेअर या एमआरआयच्या आणखी एका चित्रावरही दिसतात. एसडब्ल्यूआयवर (रक्तस्राव टिपणारं चित्र) रक्तस्राव नाही. एमआरएमध्ये (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) मानेतली डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी, सुरुवातीलाच खूप अरुंद. ईसीजी आणि इको ठीक.

एक डॉक्टर म्हणतात, मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या बंद झाल्या, गोळ्या पुरेत. दुसरे म्हणतात, मूळ मानेतल्या नळीत आहे, परफ्युजन एमआरआय (मेंदूत रक्त कुठे किती पोचतं ते दाखवणारा) करून घ्या. पण किडनी कमजोर आहे, क्रिएटिनिन २.४ आणि ईजीएफआर २८, त्यामुळे कॉन्ट्रास्टची (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) भीती वाटते. कॉन्ट्रास्टशिवाय परफ्युजन होतं का? आणि मला झोपू न देणारा प्रश्न: सकाळी आठला सीटीऐवजी एमआरआय झाला असता, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं का?

प्रतिसाद

ताई, मी रेडिओलॉजीत आहे. फिल्म न बघता निदान करणार नाही, पण लिहिलंय त्यावरून सांगते.

ओळीत ठिपके हा तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात बोलका भाग आहे. बारीक वाहिनी बंद पडली की साधारणपणे खोल भागात एकच लहान डाग येतो, ताजा असताना बहुधा २० मिमीच्या आत. हृदयातून गुठळ्या उडाल्या तर डाग अनेकदा दोन्ही बाजूंना किंवा वेगवेगळ्या धमन्यांच्या हद्दीत विखुरतात. मण्यांच्या माळेसारखी ओळ मात्र दोन धमन्यांच्या शिवेवर उमटते. धरणातून पाणी कमी सुटलं की शेवटच्या वाफ्याला आधी ताण बसतो, तसंच. त्याच बाजूची कॅरोटिड अरुंद असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला जास्त पटतं. फक्त साध्या, बिनकॉन्ट्रास्टच्या एमआरएवर अरुंदपणा आहे त्याहून जास्त दिसू शकतो. म्हणून मानेचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) आधी करा. त्याला किडनीची काही अडचण नाही.

कॉन्ट्रास्टशिवाय परफ्युजन होतं, त्याला एएसएल म्हणतात. मानेत शिरणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करतात आणि ते मेंदूत कुठे किती पोचलं ते बघतात. पण नळी फार अरुंद असेल तर रक्त उशिरा पोचतं, आणि मशीनला वाटतं की पोचलंच नाही. खुणेनंतर थांबायचा वेळ वाढवायला सांगा. गॅडोलिनियम हे एमआरआयचं कॉन्ट्रास्टच लागलं तर त्याच्या मॅक्रोसायक्लिक प्रकारात धोका फार कमी आहे, तरी किडनीच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आता सकाळच्या इंजेक्शनबद्दल. डिफ्युजनवर डाग काही मिनिटांतच उजळतो, कारण पेशी सुजतात आणि त्यांच्या भोवतीचं पाणी हलेनासं होतं. फ्लेअरवर उजळायला सहसा काही तास लागतात. डिफ्युजनवर आहे पण फ्लेअरवर नाही, म्हणजे झटका बहुतेक साडेचार तासांच्या आतला. झोपेत झटका आलेल्यांना याच आधारावर इंजेक्शन देऊन २०१८ च्या वेक-अप चाचणीत ५३.३ टक्के रुग्ण बऱ्यापैकी सावरले, प्लासिबो (बिनऔषधाचं इंजेक्शन) मिळालेल्यांत ४१.८ टक्के. बाबांच्या बाबतीत आठ वाजता फ्लेअर कसा दिसला असता ते आज कुणीही सांगू शकणार नाही. आईंनी अंदाज चुकवला असं मुळीच समजू नका. आणि सीटीबद्दल: पहिल्या तासांत रक्तस्राव नाही ना हे सांगायला तो उत्तम, पण नॉर्मल सीटीवरून पॅरालिसिस नाही असं ठरत नाही. त्या दिवशी हात चालत नसताना घरी पाठवायलाच नको होतं.

घाई एकाच गोष्टीची करा. लक्षणं देणारी कॅरोटिड ७० टक्क्यांहून जास्त बंद असेल आणि शस्त्रक्रियेला रुग्ण योग्य असेल, तर झटक्यानंतर २ आठवड्यांच्या आत केल्यास फायदा सगळ्यात जास्त.

मूळ लेखिका

खूप खूप आभार. आईला तुमचं वाक्य वाचून दाखवलं, आज पहिल्यांदा नीट जेवली ती. डॉप्लर झाला: डावीकडे ८० टक्के. उजवी बाजू बरी आहे. आज आठवा दिवस, व्हॅस्क्युलर सर्जनची वेळ उद्या सकाळची मिळाली आहे. एएसएलसाठी तिथल्या टेक्निशियनशी बोलले, 'वेळ वाढवून घेऊ' म्हणाले. हात अजून वर उचलत नाहीत, पण काल चमचा मुठीत धरला. शस्त्रक्रियेआधी मधुमेह आणि किडनीबद्दल सर्जनला काय काय विचारून घ्यावं, हे कुणी या वाटेने गेलेलं असेल तर आज रात्रीच लिहा.