टाळलेल्या कामाला हात कसा घालायचा?

प्रश्न: ईमेलला उत्तर, कपाट आवरणं अशी कामं विचारातच अडकतात. यादी करूनही सुरुवात होत नाही. काय करावं?

उत्तर १: घोळ यादीतच आहे. ‘कपाट आवरणे’ हे एक काम नव्हे, कामांचा ढीग आहे. ‘वरच्या कप्प्यातले कपडे पलंगावर काढणे’ असं लिहा. मग १० मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजल्यावर थांबायची खरोखर मुभा ठेवा. ती नसेल तर पुढच्या वेळी मन सुरुवातच करू देत नाही, इथेच बहुतेकांचं फसतं.

उत्तर २: काम प्रसंगाला जोडा: ‘दात घासून झाले की ईमेल उघडायचा.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या १९९९च्या लेखातली ‘जर-तर’ योजना हीच.

उत्तर ३: ईमेलचा आधी दोन ओळींचा मसुदा लिहा, पत्ता शेवटी टाका. अर्धवट जाण्याची भीती उरत नाही.